खाडीची रेती

सीताराम गेला म्हणून त्याच्या घरच्यांना भेटून गुणाजी वारंग खाली उतरला, पार्किंगमध्ये चपलेचा अंगठा नीट बसवायला म्हणून त्याने खांबावर हात टेकला, आणि खांबाचा तेवढा भाग त्याच्या हातात आला. ताटाएवढा तुकडा. आवाज नाही, काही नाही. ओल धरलेला पापड डब्यातून उचलावा तसा अलगद सुटून आला. आत चार सळया दिसल्या. गंजून फुगलेल्या, पापुद्रे सुटलेल्या. बोट लावलं तर एक पापुद्रा बोटाला चिकटून आला. मागे जिन्यावर दहा-बारा माणसं उभी होती. आमदार दुखवट्याला आला तरी निघताना त्याच्या मागून माणसं उतरतातच. कुणाला शाळेच्या प्रवेशासाठी पत्र हवं असतं, कुणाच्या गल्लीत कचऱ्याची गाडी येत नाही. दिपेश, सीतारामचा मुलगा आणि सोसायटीचा सेक्रेटरी, पुढे होऊन म्हणाला, "राहू दे साहेब, तो खांब तसाच आहे. पुढच्या महिन्यात प्लास्टर मारून घेणार आहोत." मागून कुणीतरी म्हणालं, "साहेबांचा हातच भारी!" आणि सगळे हसले. गुणाजीही हसला, सवयीने. हातातल्या तुकड्याचं काय करायचं ते त्याला कळेना. शेवटी त्याने तो खांबाच्या पायाशी भिंतीला टेकवून ठेवला, देवाचा जुना फोटो झाडाखाली ठेवतात तसा, आणि गाडीत जाऊन बसला.

माजिवड्याला गाडी अडकली. पुढे मेट्रोच्या कामाचे पत्रे, मागे ट्रक. त्याचा पीए विनीत पुढच्या सीटवरून दिवसाची यादी वाचत होता. दोन बारशी, एक हळद, क्रिकेटच्या सामन्यांचं बक्षीस, एका बाईंचा चार वेळा फोन की त्यांच्या बिल्डिंगसमोर लावलेला साहेबांचा वाढदिवसाचा बॅनर फाटून त्यांच्या गॅलरीत आलाय, तो कधी काढणार. "साहेब, काय सांगू त्यांना?" गुणाजीला एकदम तिडीक आली. बाईंची नाही, विनीतची नाही, बॅनरची तर नाहीच. दहा वर्षं आमदार, त्याआधी सात वर्षं नगरसेवक, आणि सतरा वर्षांत आपण नेमकं काय केलं असं कुणी विचारलं तर लेटरहेड संपवली, एवढंच त्याला छातीठोकपणे सांगता आलं असतं. पत्र द्या साहेब. पत्राने काही होत नाही हे देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत, आणि ज्याच्या नावाने लिहायचं त्यालाही माहीत. तरी द्यायचं. मागच्या अधिवेशनात त्याने धोकादायक इमारतींवर लक्षवेधी लावली होती. ती दिवसाच्या शेवटी पुकारली गेली, सभागृहात मोजून नऊ माणसं, त्यातले दोघे डुलक्या घेत होते. मंत्र्यांनी तपासून पाहू म्हटलं आणि गुणाजीनेही आभार मानले. आभार! त्या वेळी त्याला सीतारामची ही बिल्डिंग, श्रमसाफल्य, आठवलीसुद्धा नव्हती. की आठवली होती? तो खिडकीबाहेर बघत राहिला. उजव्या तळहातावर अजून रेतीची कचकच होती. पँटला पुसली तरी जात नव्हती.

आठवली होती. रोजच आठवायची, पण बाजूच्या खोलीत कुणीतरी खोकावं तशी. वीस-एकवीस वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमधली त्यांची फॅक्टरी बंद पडली. गुणाजी आणि सीताराम तिथे शेजारशेजारच्या लेथवर होते. हातात आलं त्यातून छत्तीस जणांनी मिळून फॅक्टरीच्या मागच्या गल्लीत एक बिल्डिंग उभी करून घेतली. परवानगी नव्हती; बिल्डर म्हणाला, होईल. नाव सीतारामने सुचवलेलं. गृहप्रवेशाला वर्ष झालं नाही तोच पालिकेचं पथक पोकलेन घेऊन दारात आलं. गुणाजी कामगारांचा पुढारी, त्यामुळे तो यंत्रासमोर उभा राहिला. मागे बायका, पोरं, आरडाओरडा. पथकाबरोबर एक कनिष्ठ अभियंता होता, सिडनी घोन्साल्विस, किरकोळ अंगाचा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने गुणाजीला आणि सीतारामला बाजूला घेतलं आणि एक कागद पुढे केला. "परवानगीचं सोडा. हे वाचा. काँक्रीटमध्ये खाडीची रेती घातलीय, धुतलेली पण नाय. मिठाने सळया आतून खाऊन टाकणार. पंधरा वर्षं, फार तर वीस. आत्ता पाडली तर बिल्डरला पकडता येईल." दोघांनी तो कागद वाचला. सीताराम हळू वाचायचा, त्याचं होईपर्यंत गुणाजी थांबला. मग सीताराम म्हणाला, "वीस वर्षं म्हणजे पुष्कळ झाली, गुण्या. तोवर पोरं कमवायला लागतील." गुणाजीने कागदाची घडी करून खिशात घातली, गर्दीकडे वळला, परत सिडनीकडे वळला आणि त्याच्या कानाखाली वाजवली. राग नव्हता. हीच तर गोष्ट तो कधी कुणाला, बायकोला, शीलालासुद्धा, सांगू शकला नव्हता. राग असता तर चाललं असतं. समोरचा माणूस खरं बोलतोय हे पटल्यामुळे त्याने मारलं होतं. पोकलेन आल्या वाटेने परत गेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. पुढच्या निवडणुकीत नगरसेवक. कितीतरी वर्षं लोक त्याचा उजवा हात हातात घेऊन म्हणायचे, हाच तो.

तीन दिवसांनी तो विनीतला न सांगता, रिक्षाने, नौपाड्यात गेला. निवृत्त झाल्यावर सिडनीने तिथे एका दवाखान्याच्या वर छोटं ऑफिस थाटलं होतं, जुन्या इमारतींची तपासणी करून द्यायचा. दार त्याच्या बायकोने, थेल्माने उघडलं. तिने गुणाजीला ओळखलं, आणि ओळखलं हे लपवलं नाही. आत जाऊन ती म्हणाली, "अहो, आमदार आलेत. हात खिशात आहेत त्यांचे." सिडनी आता पुरता पांढरा झाला होता. त्याने खुर्ची दाखवली. वाटेत रिक्षात गुणाजीने चार वाक्यं जुळवली होती; भाषणाची सवय, वाक्यं जुळतात. "सिडनीसाहेब, त्या दिवशी माझ्याकडून जे—"

"ते नंतर. बिल्डिंग कुठली?" सिडनी म्हणाला. "तीच?"

"तीच."

"लोक आहेत अजून आत?"

"छत्तीस घरं."

सिडनीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खालच्या खणातून हातोडी काढून पिशवीत टाकली आणि पायात बूट घालू लागला. गुणाजीला वाटलं होतं तो चिडेल, निदान टोमणा मारेल. टोमणा मारला असता तर सोपं गेलं असतं. माणसाने असं लगेच बूट घालायला घेतले की समोरच्याने आपली चार वाक्यं कुठे ठेवायची?

श्रमसाफल्यच्या पार्किंगमध्ये सिडनीने एकेक खांब ठोकून पाहिला. खणखणीत आवाज एकाचाही नाही, सगळे बद्द. तो दोनदा मजले चढून आला, एका घराच्या मोरीत वाकून बराच वेळ वर बघत राहिला. खाली आल्यावर गुणाजीने विचारलं, "किती दिवस?"

"तारीख नाय देणार मी. तेव्हा दिली ती चूक केली. उद्या पडेल, नायतर आणखी दहा वर्षं उभी राहील. सिमेंट काय आपल्याला विचारून पडत नाय. माणसं काढा, बस."

"आणि नाही पडली तर?"

"तर तुम्हाला शिव्या," सिडनी म्हणाला. "पडली तर जिवंत माणसं शिव्या देतील. दोन्हीकडून शिव्याच. मला सवय आहे, तुम्हाला नसेल."

माफीचं राहूनच गेलं. सिडनी हातोडीची पिशवी खांद्याला लावून पायी निघून गेला.

सोसायटीची सभा गुणाजीने शेजारच्या समाजमंदिरात घेतली. ते त्याच्याच निधीतून बांधलेलं, कोनशिलेवर त्याचं नाव, पंखे मात्र दोनच चालू. त्याने सिडनीने लिहून दिलेला अहवाल वाचून दाखवला आणि घरं रिकामी करा म्हणाला. आधी कुणाला कळलंच नाही. त्यांना वाटलं, साहेब नेहमीसारखं बोलतायत; आता शेवटी म्हणतील, पण मी आहे तोवर कुणी तुमच्या विटेलाही हात लावणार नाही. तसं तो काही म्हणेना तेव्हा कुजबुज सुरू झाली. मग दिपेश उठला. "साहेब, एक विचारू? कुठला बिल्डर आहे?"

"बिल्डर कुणी नाही."

"सगळ्यांना माहितीये हे कसं चालतं. आधी धोकादायक करायची, मग रिकामी, मग टॉवर. आमचे बाबा जाऊन आठ दिवस नाही झाले आणि तुम्ही... त्यांच्या ताटात जेवलेला माणूस तुम्ही!"

"दिपेश, खांब माझ्या हातात आला. तू होतास तिथे."

"प्लास्टर होतं ते!"

"ज्याने त्या वेळी वाचवली तोच आता खायला बसलाय," मागून एक म्हातारा ओरडला, आणि त्यावर टाळ्या पडल्या. सतरा वर्षांत गुणाजीने किती सभांत किती खोटं बोलून टाळ्या घेतल्या होत्या. पाणी येईल, पूल होईल, परवानगी नियमित करून घेतो. आज पहिल्यांदा सरळ खरं बोलला तर टाळ्या त्याच्याविरुद्ध. त्याला हसू यायला लागलं, ते दाबताना चेहरा वाकडा झाला, आणि लोकांनी तोच चेहरा बघितला. बघा, हसतोय. तो इतका वैतागला की माईक ठेवून निघूनच जावं. पण दाराशी सीतारामची बायको बसली होती, पांढरी, थकलेली. तिला ओलांडल्याशिवाय जाता येत नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "भावजी, घरात दिवा ठेवलाय. तेराव्यापर्यंत तो हलवायचा नसतो. त्यानंतर बोला काय ते."

तेराव्याला पाच दिवस होते. ते पाच दिवस गुणाजी रोज सकाळी येऊन श्रमसाफल्यच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला. का, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. पडलीच तर आपल्यावरही पडू दे, असं काहीतरी. आणि असं मनात आलं की स्वतःचाच संताप यायचा. हासुद्धा बॅनरच, गुणाजी वारंग, खांबाखाली बसलेले लाडके आमदार. लोकांनी तिथेही पत्रं मागायला सुरुवात केली. तोच फुटका खांब समोर, आणि तो मांडीवर लेटरहेड ठेवून कुणाच्या तरी पुतण्याची शिफारस लिहितोय. रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला की जमीन किंचित थरथरायची आणि लिहिता हात थांबायचा. वरून मुलांच्या धावण्याचे आवाज, मिक्सर, कुणाच्या तरी टीव्हीवरची मालिका. छताकडे बघून बघून त्याची मान धरली. तिसऱ्या दिवशी पक्षाच्या जिल्ह्याच्या पुढाऱ्याचा फोन आला. "गुणाजीराव, काय चाललंय हे? आठ महिन्यांवर निवडणूक. छत्तीस घरांचं सोडा, तुमच्या मतदारसंघात असल्या साठ बिल्डिंगी आहेत. एकीला हात लावलात की साठ घाबरणार. जरा दमानं घ्या. पालिकेला नोटीस काढू दे, आपण त्याला विरोध करू, कोर्ट आहेच. कुणाचं काही बिघडत नाही."

"पडली तर?"

"तर आपण पहिले पोचू," पुढारी म्हणाला. त्याने ते वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. गुणाजीनेही पूर्वी कितीदा हेच म्हटलं होतं, अगदी याच आवाजात.  फोन खाली ठेवून त्याने पालिकेला पत्र लिहिलं: इमारतीचं पाणी आणि वीज चौदाव्या दिवशी तोडावी. सतरा वर्षांत ज्या पत्राने खरोखर काही झालं असं त्याचं हे पहिलं पत्र.

चौदाव्या दिवशी पथक आलं, पोलीस आले. रहिवाशांनी गेटवर फ्लेक्स लावला होता. त्यावर तो जुना फोटो, मोठा करून: तरुण गुणाजी, उगारलेला हात, सिडनीचा तिरका झालेला चष्मा. खाली लिहिलं होतं, असा होता आमचा नेता. गुणाजी त्या फोटोखालून आत गेला. कुणी त्याच्या शर्टाची बाही ओढली, कुणी तोंडावर थुंकलं. त्याने रुमालाने पुसलं. बायका जिन्यात आडव्या बसल्या होत्या. एकेकीशी बोलत, हात जोडत, शिव्या खात संध्याकाळचे पाच वाजले. सगळ्यांत शेवटी सीतारामची बायको, वहिनी, उतरली. देव्हारा तिने पदरात गुंडाळून छातीशी धरला होता. गुणाजी तो घ्यायला पुढे झाला तर ती नुसती बाजूने निघून गेली, वाटेत खुर्ची असावी तशी.

त्यांना कल्याणच्या पलीकडे संक्रमण शिबिरात खोल्या मिळाल्या. लांब, कोंदट, नळाला दिवसाआड पाणी. पोरांच्या शाळा तुटल्या, दिपेशचे कामाला जायला दोन तास आणि यायला दोन. रहिवाशांनीच कोर्टातून पाडकामाला स्थगिती आणली, त्यामुळे श्रमसाफल्य जशीच्या तशी उभी राहिली, रिकामी. पक्षाने तिकीट सुधीरला दिलं. हा सुधीर अनेक वर्षं गुणाजीच्या मागून सतरंज्या उचलत चालायचा. प्रचारात त्याने एकच वाक्य फिरवलं: मी कुणाला घर सोडायला लावणार नाही. निवडून आला. गुणाजीचा फोन वाजायचा थांबला. आधी त्याला बरं वाटलं, मग तो दर अर्ध्या तासाने चार्जिंग तपासू लागला.

आणि बिल्डिंग पडेना. गुणाजी सकाळी फिरायला म्हणून निघायचा आणि पाय त्याच गल्लीत वळायचे. शीला म्हणायची, "अहो, तळ्यावर जा ना फिरायला. तिकडे कशाला, लोक बोलतात." लोक खरंच बोलायचे. टपरीवाला म्हणायचा, बघा, कशी ठणठणीत उभी आहे, उगाच बिचाऱ्यांना हाकललं. गुणाजी समोरच्या फुटपाथवर उभा राहून वर बघायचा. गॅलऱ्यांत वाळत घालायच्या दोऱ्या तशाच होत्या. एकदा दुपारी वारा सुटला, रस्त्यावरचे पत्रे वाजू लागले, आणि तो घरातून जवळजवळ धावतच तिथे गेला. गल्लीत कुणी नव्हतं. त्याच्या तोंडून आवाज निघाला, "पड ना." मग जोराने, "पड ना गं बाई, काय जातंय तुझं?" स्वतःचा आवाज ऐकून त्याने दचकून मागे पाहिलं. छत्तीस संसारांचं घर मातीत मिळावं म्हणून एक माणूस भर दुपारी रस्त्यात उभा राहून विनवणी करतोय, कारण त्याला एकदा, एकदाच बरोबर ठरायचं आहे. सिडनीने अठरा वर्षं ही इच्छा केली असेल का? बहुतेक नाही. सिडनी घरी जाऊन जेवला असेल.

दुसऱ्या दिवशी तो कल्याणला गेला. शिबिराच्या तिसऱ्या मजल्यावर वहिनीच्या खोलीत दिपेशही होता, रविवार होता. बस म्हणालं नाही कुणी. गुणाजी दाराजवळच्या स्टुलावर बसला. वहिनी भाजी निवडत होती. ती मान वर न करता देठ मोडत राहिली. मग म्हणाली, "भावजी, तुम्ही आम्हाला दोनदा सांगितलंत. एकदा राहा म्हणून, एकदा निघा म्हणून. दोन्ही खरं कसं असेल? कुठलं खरं होतं, तेवढं सांगा."

"दुसरं," गुणाजी म्हणाला. "पहिल्या वेळी मला माहीत होतं वहिनी. त्या इंजिनिअरने कागद दाखवलेला. खाडीची रेती आहे, पंधरा-वीस वर्षं टिकेल, असं लिहिलेलं. मी वाचला, खिशात घातला आणि मग त्याला मारलं. बिल्डरला तेव्हा पकडता आलं असतं. तुम्हाला दुसरी जागा मिळाली असती."

दिपेश उठून उभा राहिला. वहिनीचे हात थांबले होते. ती पहिल्यांदा त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत जो प्रश्न गोळा होत होता तो गुणाजीला ती बोलायच्या आधीच दिसला. इतकी वर्षं त्याला माणसांच्या तोंडावरून मागणी ओळखता यायची. "ह्यांना..." ती म्हणाली, "ह्यांना माहीत होतं?"

त्याला सीताराम दिसला, ओठ हलवत सावकाश वाचणारा, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलेला. खरं सांगायला आलो होतो ना, मग सांग सगळं. अर्धं ओझं उतरेल. मेलेल्या माणसाला काय होतंय? पण ही बाई याच खोलीत झोपणार होती, उद्या, परवा, किती वर्षं कुणास ठाऊक, भिंतीवरच्या सीतारामच्या फोटोखाली.

"नाही," गुणाजी म्हणाला. "सीतारामला कसं माहीत असेल? त्याला कळलं असतं तर त्याने माझा हातच धरला असता."

दिपेश जवळ आला. मारणार, असं गुणाजीला वाटलं आणि त्याने तोंड फिरवलं नाही. पण दिपेश फक्त म्हणाला, "निघा." वहिनी उठली होती. तिचा चेहरा सैलावला होता, कित्येक महिन्यांनी जणू तिला धड श्वास घेता आला. गुणाजी बाहेर पडला तसा तिने पदर खोचला आणि शेजारचं दार वाजवलं. तो अरुंद जिना उतरू लागला. वर तिचा आवाज एका दारातून दुसऱ्या दारात जात होता, "ऐकलंत का हो, आमच्या ह्यांना काही माहीत नव्हतं. ह्या आमदाराला माहीत होतं सगळं." कड्या निघत गेल्या, माणसं गॅलरीत येत गेली, कुणीतरी त्याच्या नावाने ओरडलं. गुणाजीने भराभर पाय उचलले नाहीत. एकेक पायरी बघत, म्हाताऱ्या माणसाने उतरावं तसा, तो उतरत राहिला.